पंधराशे ब्याण्णव

माझ्या नाकावरचा राग लहानपणापासूनचा. पंचवटीच्या बाजारात घेतलेली काकडी कडू निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी ती चावलेली काकडी घेऊन भाजीवालीशी भांडायला गेलेली मी. घरचे अजून त्यावरून चिडवतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात एका दुपारी, नेमका हवा होता तेव्हा, हा राग कुठे तोंड लपवून बसला होता कोण जाणे.

गोष्ट आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या फिजिक्स लॅबमधली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथे बी.एस्सी. केलं आणि पुढे ऐंशीच्या दशकात तिथेच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रॅक्टिकल घेणारी, जर्नल तपासून सही करणारी आणि स्टाफरूममध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसणारी. तीही टेम्पररी. एप्रिलअखेर ऑर्डर संपायची, मग जूनमध्ये नवी मिळते की नाही या काळजीत सगळा उन्हाळा जायचा. लग्न झालं होतं, घरात सासू-सासरे, नवऱ्याची कारखान्यातली नोकरी कधी चालू कधी बंद. त्यामुळे ती टेम्पररी नोकरीसुद्धा मी जिवापाड जपायची.

लॅब दुसऱ्या मजल्यावर. लांबलचक, उंच खिडक्यांची. प्रत्येक टेबलाला नंबर आणि प्रत्येक टेबलावर वर्षानुवर्षं तोच प्रयोग. सात नंबरच्या टेबलावर एल-सी-आर सिरीज रेझोनन्स. एक कॉइल, एक कंडेन्सर, एक रेझिस्टन्स. तिन्ही एकापुढे एक जोडायची, ऑसिलेटरमधून ए.सी. सोडायचा आणि डायल फिरवून त्याची फ्रीक्वेन्सी हळूहळू वाढवत न्यायची. मिलिअमीटरचा काटा आधी सावकाश वर सरकतो, मग भराभर चढतो, एका जागी पोचतो आणि डायल त्यापुढे नेली की पुन्हा उतरायला लागतो. काटा जिथे सगळ्यात वर जातो ती रेझोनन्सची फ्रीक्वेन्सी. पुस्तकात त्याला अनुनाद म्हणतात. पंचवीस-तीस रीडिंग घ्यायची, आलेख काढायचा, टेकडीच्या आकाराची रेघ आली की प्रयोग संपला.

हे असं का होतं, ते मला सरांनी तीन तास फळा भरून सांगितलं आणि डोक्यात काडीचंही शिरलं नाही. ते शिरवलं मामांनी.

मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. कागदावर अटेंडंट, बोलताना सगळे शिपाईच म्हणत, आणि आम्हा पोरापोरींचे ते मामा. उंच, काटक, खाकी शर्टाच्या खिशात कायम एक पॉलिश पेपरचा तुकडा. वायरची टोकं घासून चकचकीत करून ठेवायची हे त्यांचं वेड. "टोक मळकं असलं तर वरचं समदं शास्त्र फुकट," असं म्हणायचे. शहरातल्याच एका कॉलनीत राहायचे, तिथल्या बुद्धविहारात संध्याकाळी लहान मुलांचा अभ्यास घ्यायचे. स्वतः सातवी शिकून नोकरीला लागलेले. पण चाळिशीत, डोळ्यांना चष्मा लागल्यावर, दोनदा आपटी खाऊन तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाले होते. त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला भेळ खाऊ घातली होती.

तर मी टी.वाय.ला असताना सात नंबरवर डोकं धरून बसले होते. मामा फडकं मारत मारत आले.

"काय झालं ताई? भांडण झालं का कोनासंगं?"

"भांडू कोणाशी? हे कळतच नाही मेलं!"

मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "हे बघा. ही कॉइल आन् हा कंडेन्सर, दोघी जावा हायेत एका घरातल्या. एक म्हणती पुढं चल, दुसरी म्हणती मागं हो. एकीचा जोर जास्ती झाला की घरात कालवा, मग करंटाला वाटच नाय. तुम्ही डायल फिरवता तेव्हा काय करता? एकीचा जोर कमी, एकीचा जास्ती. फिरवता फिरवता अशी जागा येती, दोघींचा जोर सारखाच. मग त्यांचं भांडण त्यांच्यातच जिरतं आन् करंट बिनबोभाट निघून जातो. मग अडवायला राहिलं कोण? हा रेझिस्टन्स. हा म्हातारा सासरा. नुसता खोकतो, करत काय नाय."

मी इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरचे सर रागाने बघायला लागले. मग मामांनी दोन बोटांनी डायल धरून काटा वर नेला, माथ्यावरून थोडा पलीकडे घालवला, परत मागे आणला आणि बरोबर जागेवर उभा केला. मी काटाच बघत राहिले. डायलवरचा आकडा बघितला नाही.

"मग तेव्हा त्या दोघी गप्प असतात का हो मामा?"

"गप्प? छ्या! तेव्हाच तर सगळ्यात जोरात ओढतात. बाहेर आवाज नाय म्हणून मध्ये हात घालू नका, झटका बसंल."

पुढे एम.एस्सी.ला मोठमोठी पुस्तकं वाचली तेव्हा कळलं की मामांनी सांगितलं ते शब्दन् शब्द खरं होतं. रेझोनन्सला कॉइल आणि कंडेन्सरवरचा व्होल्टेज एकेकटा मोजला तर मूळ व्होल्टेजच्या कितीतरी पट भरतो, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे बाहेर शून्य दिसतो. तेव्हापासून आजपर्यंत मी तो प्रयोग जावांवरूनच शिकवला. सासऱ्याचा भाग मात्र गाळला, कारण माझे सासरे माणूस म्हणून फार चांगले होते.

आता आमच्या लॅबची एक रीत सांगायला हवी. ही रीत बाहेरच्यांना ऐकून धक्का बसेल, पण त्या काळी सायन्सला शिकलेल्या कोणालाही विचारा, मान खाली घालून हसेल. रीडिंग कोणी घेत नसे. म्हणजे टेबलापाशी उभं राहायचं, वायरी जोडायच्या, ऑसिलेटर तापायची वाट बघायची, सर फिरकून गेले की पेन काढायचं. कॉइलवर लेबल असायचं, कंडेन्सरवर छापलेलं असायचं. सूत्रात आकडे घालायचे की उत्तर आधीच हातात. सात नंबरचं उत्तर होतं सेकंदाला पंधराशे ब्याण्णव सायकल. ते आधी लिहायचं, मग त्याच्या दोन्ही बाजूंना करंटाचे आकडे अंदाजाने उतरवत न्यायचे, चढ आणि उतार सारखा दिसेल असे. मध्येच एखादा आकडा मुद्दाम किंचित चुकवायचा, म्हणजे खरं वाटतं. आमच्या आधीच्या बॅचने हेच केलं, त्यांच्या आधीच्यांनी हेच. पंधराशे ब्याण्णव हा आकडा आम्हाला पाढ्यासारखा पाठ होता.

मी यात पटाईत. माझ्या जर्नलमधला सात नंबरचा आलेख इतका सुबक होता की सरांनी लाल शाईने त्यावर 'व्हेरी गुड' लिहिलं होतं. मला त्याची लाज वाटली नव्हती, उलट घरी नेऊन दाखवलं होतं. आणि डेमॉन्स्ट्रेटर झाल्यावर मी काय केलं? पोरांची जर्नलं समोर यायची, पंधराशे ब्याण्णव दिसलं की खाली सही ठोकायची. स्वतः त्या टेबलावर बसून एकदासुद्धा काटा कुठे चढतो ते बघितलं नाही. चार वर्षं. आता बोला!

मी लागले त्याच्या चौथ्या वर्षी आमच्या विभागात लॅब असिस्टंटची जागा निघाली. मॅट्रिक आणि इतकी वर्षं कामाचा अनुभव असला तर अटेंडंटलाही अर्ज करता येत होता. मामांना तोवर लॅबमध्ये बावीस वर्षं झाली होती. अर्ज भरला त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि उगाच फडकं मारत राहिले.

"काय मामा? काय हवंय?"

"मॅडम, परीक्षा घेणार म्हणत्यात. प्रयोग लावायचा, रीडिंग लिहायची, आलेख काढायचा, वर तोंडी. लावायचं मला येतं. लिहायचं तुम्ही शिकवा."

विद्यार्थिनी होते तेव्हा ताई, नोकरीला लागल्या दिवसापासून मॅडम. मी शंभरदा सांगितलं, ताईच म्हणा. ऐकलं नाही.

मी विचारलं, "एवढी हौस का हो मामा? आता निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली. असिस्टंट झालात तर रजिस्टरं भरायची कटकट मागे लागेल."

त्यांनी फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "पोरगी बारावीला हाय. फॉर्म भरती तेव्हा बापाचा व्यवसाय लिहायचा असतो ना. मी बघतो तिच्याकडं. पेन थांबतो तिचा तिथं. लिहिती बिचारी 'शिपाई', पण थांबती. मला त्या रकान्यात दुसरं काहीतरी लिहिलेलं एकदा बघायचंय."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, "मामा, ही जागा तुमचीच. बघते कोण घेतं ते!" असली वाक्यं मला फार चांगली येतात.

मग रोज दुपारी चारनंतर, प्रॅक्टिकलं संपली की आमची शिकवणी. लॅबमध्ये सगळीकडे उंच स्टुलं, पण मामा उभे. मी म्हणायची बसा, ते म्हणायचे ऱ्हाऊ द्या. बावीस वर्षांत त्या स्टुलावर ते बसले नव्हते. कोणी बसू नका असं म्हटलं नव्हतं, पण बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी एक दिवस मी खेकसले, "मामा, तुम्ही बसला नाहीत तर मी शिकवणार नाही!" तेव्हा बसले. अर्धेच, एक पाय जमिनीवर ठेवून.

शिकवताना माझा तोंडपट्टा चालूच असायचा. ते म्हणायचे, "दोघी जावांचा जोर..." की मी ओरडायचे, "अहो जावा नाही! इंडक्टिव्ह रिअ‍ॅक्टन्स म्हणा! परीक्षेला जावा काढल्यात तर तुमची शोभा होईल." ते बिचारे 'इन्डक्टिव रॅक्टन' असं काहीतरी पुटपुटायचे. ज्या माणसाने मला रेझोनन्स शिकवला, त्याच्या तोंडून मी त्याचे शब्द काढून घेतले आणि वर स्वतःला गुरू समजत होते. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

लिहिण्याचा सराव व्हावा म्हणून मी घरून माझं जुनं जर्नल आणलं. ट्रंकेत होतं, आईने खाकी कव्हर घालून जपून ठेवलेलं. सात नंबरचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे बघा. उद्देश, साहित्य, आकृती, तक्ता, आलेख, निष्कर्ष. सगळं यात आहे. हे पाठ करून टाका."

मामांनी ते पान बराच वेळ बघितलं. लाल शाईवरून बोट फिरवलं. "हे असंच लिहायचं? हे आकडे बी?"

"आकडे, रेघा, सगळं. पाठ करा म्हटलं ना! परीक्षेत वेळ नसतो विचार करायला."

"बरं," म्हणाले. पुन्हा एकदा विचारलं, "आकडे बी?" मी म्हटलं, "मामा, किती वेळा सांगू?" त्यांनी जर्नल फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं.

ते आकडे मी मनाने रचलेले आहेत हे मला आठवलंच नाही का? खरं सांगते, आठवलं नाही. खोटं इतक्या वेळा लिहून झालं होतं की ते खोटं आहे याची आठवणच उरली नव्हती. आणि मामांच्या हाताखाली काटा खरा हलतो, हे तर डोक्यातच आलं नाही.

परीक्षेला दोन उमेदवार. एक मामा आणि दुसरा बाहेरून आलेला ताजा बी.एस्सी. झालेला तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. परीक्षक तिघं. आमचे प्राचार्य, आमचे विभागप्रमुख आणि बाहेरगावाहून आलेले एक तज्ज्ञ, वयस्कर, मितभाषी. चिठ्ठ्या टाकल्या. मामांना सात नंबर आला. कागदपत्रं आणायच्या-न्यायच्या निमित्ताने मी लॅबमध्येच होते, मी मनातल्या मनात उडीच मारली. पाठ केलेलंच आलं की!

मामा त्या दिवशी पांढरा शर्ट घालून आले होते. तज्ज्ञ म्हणाले, "बसा." मामा बसले. पॉलिश पेपरने टोकं घासली, वायरी जोडल्या, इतक्या नीटनेटक्या की तज्ज्ञांनी चष्मा वर करून बघितलं आणि मान हलवली. ऑसिलेटर तापू दिला. मग दोन बोटांनी डायल धरली आणि सरकवत नेली. काटा चढला, माथ्यावर गेला, उतरला. ते परत मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग डायलवरून हात काढला, हात शर्टाला पुसले आणि खाली मान घालून लिहायला लागले. भराभर. एकदाही वर न बघता. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! वाटलं, बघा, कसे पाठ झालेत आकडे.

अर्ध्या तासाने तज्ज्ञ त्यांच्या टेबलाशी आले. तक्ता बघितला, आलेख बघितला. सुरेख टेकडी, माथ्यावर पंधराशे ब्याण्णव. त्यांनी डायल पंधराशे ब्याण्णववर आणली. काटा खाली पडलेला. त्यांनी डायल मागे घेतली. पंधराशे, चौदाशे, काटा चढायला लागला. तेराशेला काटा पार वर जाऊन उभा राहिला. पुढे-मागे करून बघितलं. तेराशेच.

काय झालं ते मला त्या क्षणी कळलं. अख्खं.

"हा तक्ता तुम्ही आत्ता घेतलेल्या रीडिंगचा आहे?" तज्ज्ञांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

मामा स्टुलावरून उठून उभे राहिले. "माझी चूक झाली साहेब."

"चूक नाही ही. समोर काटा तेराशेला चढताना दिसतोय आणि तुम्ही पंधराशे ब्याण्णव लिहिता. हे आकडे आले कुठून?"

मामा खाली बघत राहिले. "माझीच चूक साहेब."

"बावीस वर्षं लॅबमध्ये काम केलंत ना तुम्ही?" प्राचार्य म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

विभागप्रमुखांनी तक्त्याकडे बघितलं, मग वर बघितलं, माझ्याकडे. त्यांना कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मी दारापाशी उभी, हातात त्या दुसऱ्या उमेदवाराची प्रमाणपत्रं. एक वाक्य बोलायचं होतं: हे आकडे माझे आहेत, मी त्यांना पाठ करायला लावले. तोंड उघडलं की संपलं. मग पुढचं वाक्य मनात आलं: एप्रिलमध्ये ऑर्डर संपते. खोटी जर्नलं लिहिणारी आणि चार वर्षं खोट्या जर्नलांवर सह्या करणारी डेमॉन्स्ट्रेटर, तिला जूनमध्ये कोण बोलावणार? कडू काकडीवरून बाजार डोक्यावर घेणारी मी. मी हातातली प्रमाणपत्रं उगाच एकसारखी करत राहिले.

जागा त्या तरुणाला मिळाली. नोटीस बोर्डावर कागद लागला. पोरगा साधा होता बिचारा, त्याचा काही दोष नव्हता. पहिल्या दिवसापासून मामाच त्याला कपाटं दाखवत होते, कुठलं मीटर नखरेल आहे, कुठल्या बॅटरीवर विसंबायचं नाही, सगळं.

मी आठ दिवस मामांना टाळलं. ते जिन्यात दिसले तर मी चढता चढता थांबून उगाच पर्स चाचपायची. नवव्या दिवशी मात्र राहवेना. दुपारी लॅब रिकामी होती. मामा सात नंबरपाशी उभे राहून वायरींची टोकं घासत होते.

मी म्हटलं, "मामा, ते आकडे खोटे होते. मी मनाने लिहिले होते."

"माहीत हाय," म्हणाले.

"माहीत आहे?"

"मला नाय तर कोनाला? ती मूळची कॉइल जळाली मॅडम, तुम्ही शिकायला यायच्या आधी. एकानं थेट मेन्सला लावली. मग मीच नेली मोटारवाइंडिंगवाल्याकडं, भरून आणली. तार निराळी, वेढे जास्ती. तवापासून तेराशेलाच चढती. लेबल जुनंच ऱ्हायलं. मी सरांना सांगितलं बी होतं, ते म्हणले लेबलवर काय हाय ते खरं."

मग माझा राग आला, आठ दिवस उशिरा, आणि आला तोही त्यांच्यावरच. मी जवळजवळ किंचाळले, "मग खरं का नाही लिहिलंत? काटा तुमच्या डोळ्यांपुढे होता! तुम्ही तेराशे लिहिलं असतं तर आज..."

मामांनी हातातली वायर खाली ठेवली. "मॅडम, तुमच्याच बॅचला ती देवळा तालुक्यातली पोरगी होती, आठवती? दोन वेण्यांची?"

आठवत होती.

"तिनं एकटीनं घेतली होती खरी रीडिंग. तीन तास. तेराशे लिहिलं. सरांनी वही भिरकावली. म्हणले, लेबल वाचता येत नाय का. ती रडकुंडीला येऊन म्हणली, 'सर, तेराशेच शे!' समदे हसले. तिच्या त्या अहिराणी 'शे'वर, 'आहे'ला 'शे' म्हणली म्हणून. तुम्ही बी हसला होता." त्यांच्या आवाजात ठपका नव्हता, काय झालं तेवढं सांगत होते. "तिला पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या दिवशी पंधराशे ब्याण्णव लिहून आणलं, मग सही मिळाली. बावीस वर्षं मी हेच बघत आलोय मॅडम. खरं लिहिलं की फुली, हे लिहिलं की व्हेरी गुड. तरी मी तुम्हाला दोनदा विचारलं, आकडे बी का म्हणून. मला वाटलं, वर जायचं तर असंच लिहावं लागत असंल. मला पास व्हायचं होतं."

मी त्या स्टुलावर बसले. ते उभेच होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा माझं नाव का नाही घेतलंत? मी तिथेच उभी होते मामा. नुसतं बोट दाखवायचं होतं."

ते म्हणाले, "तुमची ऑर्डर एप्रिलात संपती ना."

एवढंच. उद्या सुट्टी आहे ना, असं विचारावं तसं. मी रडले, भरपूर रडले, त्यांनी मला माठातलं पाणी आणून दिलं. मी त्यांना शब्द दिला की उद्याच जाऊन विभागप्रमुखांना सगळं सांगते, परीक्षा पुन्हा घ्यायला लावते. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम." मी म्हटलं, "नाही, सांगणार म्हणजे सांगणार."

आणि सांगितलं. जून महिन्यात. नवी ऑर्डर हातात पडल्यावर, तिसऱ्या दिवशी. विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावरचा कागद सरळ केला आणि विचारलं, "बाई, आता याचा काय उपयोग?"

काहीच नव्हता. मामांच्या मुलीचे बारावीनंतरचे फॉर्म त्याच आठवड्यात भरून झाले होते, बापाच्या व्यवसायाच्या रकान्यासकट.